नाईल क्रूझवर देवळंच देवळं बघून कंटाळा येतो का? आणि हलवलेलं अबू सिंबेल बघायला पहाटे उठावं का?

प्रश्न थोडक्यात असा: लक्सर ते आस्वान चार रात्रींच्या क्रूझवर सगळी देवळं सारखीच वाटतात का? आणि फिले व अबू सिंबेल तर धरणाच्या वेळी उचलून दुसरीकडं मांडलेली ‘डुप्लिकेट’ देवळं, मग त्यांच्यासाठी जादा पैसे आणि पहाटेची झोप का घालवायची?

एरवी मी इथं नुसता वाचतो. आज लिहितोय ते त्या ‘डुप्लिकेट’ शब्दासाठी.

मी पाटबंधाऱ्याचा माणूस. चौतीस वर्षं कालवे, चाऱ्या आणि गेटं यांत गेली. बायको भीमाकाठची, तिचं माहेर उजनीच्या बुडितात गेलेलं. हे दोन्ही बाजूंना माहीत असूनही लग्न झालं. उजनी भरलं तेव्हा मी कॉलेजात होतो, पण हे सासऱ्यांना सांगून उपयोग नव्हता. शेवटपर्यंत त्यांनी मला ‘इंजिनिअरसाहेब’ म्हटलं, ‘जावईबापू’ कधी नाही.

त्यांच्या गावचा भैरोबा नव्या गावठाणात नेऊन बसवला होता. रीतसर पूजा, होम, गावजेवण, सगळं झालं. सासरे त्या देवळाची पायरी चढले नाहीत. उन्हाळ्यात पाणी उतरलं की चिखल तुडवत जुन्या गावात जायचे आणि उघड्या पडलेल्या चौथऱ्यावर नारळ फोडून यायचे. पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ पाणी उतरल्यावर बाहेर येतं, त्याचे फोटो तुम्ही पेपरात बघितले असतील. आमच्या सासुरवाडीचं तसं बघण्यासारखं काही नाही. चार दगडी जोती आणि एक चौथरा.

एकदा जेवताना विषय निघाला आणि मी नव्या नोकरीच्या गुर्मीत बोलून गेलो, “मामा, देव हलवता येतो. इजिप्तमध्ये आख्खा डोंगर कापून देव वर नेऊन बसवलेत.” सासरे ताटावरून उठले. बायको उठली नाही, पण ते वाक्य तिनं जपून ठेवलं. पुढं तीस वर्षं घरात कशावरूनही वाद झाला की “तुमचं ते इजिप्त” यायचंच. निवृत्तीनंतर कुठं जायचं असा प्रश्न आला तेव्हा तीच म्हणाली, “चला, तुमचा पुरावा बघून येऊ.” म्हणून आम्ही इजिप्तला गेलो. पिरॅमिड वगैरे वाटेत होते म्हणून बघितले.

आता तुमचा पहिला प्रश्न. हो, कंटाळा येतो. तिसऱ्या दिवशी हमखास येतो. त्याला कारण गाईड, देवळं नव्हेत. प्रत्येक भिंतीपुढं ‘हा राजा, हा देव, राजा देवाला नैवेद्य देतोय’ एवढंच ऐकवलं तर कोणीही कंटाळेल. एवढं ध्यानात ठेवून जा की लक्सरच्या कर्नाक देवळातला तो १३४ खांबांचा सभामंडप सेती पहिला आणि रामसेस दुसरा यांच्या काळातला, आणि एडफू, कोम ओम्बो, फिलेमधलं तुम्ही बघता ते बहुतेक बांधकाम ग्रीक वंशाच्या टॉलेमी राजांचं किंवा त्यानंतरच्या रोमनांचं. मधे हजार वर्षं गेली. एडफूचं काम इ.स.पू. २३७ मध्ये सुरू होऊन इ.स.पू. ५७ मध्ये संपलं. परक्या वंशाचे राजे, पण भिंतीवर स्वतःला अस्सल फॅरोच्या, म्हणजे जुन्या इजिप्शियन राजाच्या, वेषात कोरून घेतात. हे एकदा कळलं की सारखेपणाचीच गंमत वाटायला लागते. लक्सरच्या देवळात अबू हज्जाजची मशीद बघा. देऊळ गाळात गाडलं गेलं होतं तेव्हा ती वर बांधली, नंतर गाळ उपसला, आणि आता मशिदीचं जुनं दार अधांतरी उंचावर दिसतं. ती चालू मशीद आहे. आमच्या ग्रुपमधल्या निम्म्यांनी तिकडं मान वर केली नाही, ते सेल्फीत होते.

कोम ओम्बोला मगरींच्या ममींपुढं रांग असते. मी तिकडं न जाता विहिरीपाशी गेलो. ते नायलोमीटर, म्हणजे आपली गेजपट्टीच. पूर किती चढला ते बघायचं आणि त्यावरून यंदा पीक किती, सारा किती, ते ठरवायचं. पाटबंधाऱ्याच्या माणसाला दोन हजार वर्षांपूर्वीचा खातेबंधू भेटल्यासारखं झालं. बायको आत डोकावून म्हणाली, “तेव्हापण पाणीपट्टी होतीच म्हणायची.”

त्या दिवशी दुपारी डेकवरून तिला काठानं ऊस दिसला होता. कोम ओम्बोला साखर कारखाना आहे. “अगदी अकलूज,” असं म्हणून ती खुर्ची ओढून बराच वेळ बघत बसली. तिथं तिला आणखी काय बघायला हवं होतं ते मला दोन दिवसांनी कळलं.

आस्वानला हाय डॅमवर बस वीस मिनिटं थांबते. १११ मीटर उंच, साडेतीन किलोमीटरहून लांब, १९६० ते १९७० या काळात बांधलेला दगडमातीचा बांध. मी चाळीस मिनिटं घेतली आणि सगळ्या बसच्या शिव्या खाल्ल्या. बायको बसमधून उतरली नाही.

मग फिले, आस्वानजवळच्या बेटावरचं देऊळ. त्याला आधी बुडवलं ते १९०२ च्या ब्रिटिशांच्या धरणानं. दोनदा त्याची उंची वाढवली, आणि वर्षातले कित्येक महिने इसिस देवीचं देऊळ पाण्यात. पर्यटक होडीतून खांबांमधून हिंडायचे आणि भिंतींवरचे रंग पाण्यात जायचे. हाय डॅम झाल्यावर देऊळ दोन धरणांच्या मधल्या पाण्यात अडकलं. तेव्हा भोवती कॉफर डॅम, म्हणजे तात्पुरता बांध, घालून पाणी उपसलं, १९७२ पासून दगड सुटे केले, सुमारे ४० हजार तुकड्यांवर नंबर टाकले आणि शेजारच्या अगिल्किया बेटावर पुन्हा रचलं. आधी ते बेटसुद्धा जुन्या बेटासारखं दिसावं म्हणून तासून घेतलं. १९८० मध्ये देऊळ खुलं झालं. ख्रिस्ती लोकांनी खांबांवर खोदलेले क्रूस, छिन्नीनं विद्रूप केलेली इसिसची चित्रं, आणि आजवर सापडलेला शेवटचा तारीखवार हायरोग्लिफ, म्हणजे चित्रलिपीतला, लेख (इ.स. ३९४), सगळं जसंच्या तसं आलं. मी हे सगळं भक्तिभावानं समजावत होतो. बायको भिंतीवर आडवं बोट फिरवत म्हणाली, “ही पाण्याची रेघ आहे.” खरंच होती. धरणाच्या पाण्याचा डाग दगडांबरोबर नव्या बेटावर आला होता. गाईडनं तो दाखवला नव्हता आणि मलाही दिसला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला अबू सिंबेल. वाळवंटातून साडेतीन तास. इथं माझा पुरावा होता, त्यामुळं मी मुंजीच्या बटूसारखा तयार.

सांगतो, कारण ‘डुप्लिकेट’ म्हणणाऱ्यांना याची कल्पना नसते. हे रचून बांधलेलं देऊळ नव्हतं. आपल्या वेरूळसारखं डोंगरात कोरलेलं होतं. ते हलवायचं म्हणजे डोंगरच कापायचा. १९६० मध्ये युनेस्कोनं आवाहन केलं, जवळपास ५० देशांनी हातभार लावला. आपल्याकडून बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली पुरातत्त्व खात्याची तुकडी १९६१-६२ मध्ये नुबियात, म्हणजे बुडिताच्या या भागात, उत्खनन करून आली. ज्यांनी मोठी मदत केली त्यांना इजिप्तनं चक्क देवळं भेट दिली, एक माद्रिदला आहे, एक न्यूयॉर्कला. अमादाचं देऊळ तर न कापता रुळांवरून अडीच किलोमीटर ओढत नेलं. अबू सिंबेलचं काम १९६४ ते १९६८. वीस-वीस, तीस-तीस टनांचे हजाराहून जास्त ठोकळे, दर्शनी भाग हातकरवतीनं कापलेला, सुमारे ६५ मीटर वर आणि २०० मीटर मागं. डोंगर वाटतो तो आतून पोकळ आहे, काँक्रीटचा घुमट घालून वर दगडमाती चढवलीय. दिशाही तीच राखली, त्यामुळं २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरला सूर्य आजही गाभाऱ्यापर्यंत जातो. तिथं चार मूर्ती आहेत, त्यांतला प्ताह देव तेवढा अंधारात राहतो, पूर्वीही तोच राहायचा. याला डुप्लिकेट म्हणणाऱ्यानं आधी एक पाटा-वरवंटा न फोडता दुसऱ्या गावी नेऊन दाखवावा.

बाहेर रामसेसच्या चार मूर्ती, वीस-वीस मीटरच्या. एकीचं धड आणि डोकं प्राचीन काळीच भूकंपात पडलंय. बायकोनं विचारलं, “एवढं सगळं केलं, मग ते डोकं परत बसवता आलं नाही?”

“आलं असतं. पण जिथं पडलं होतं तिथंच, तसंच ठेवलं.”

ती म्हणाली, “म्हणजे पडलेलंही पडलेलंच आणलं.” आणि कबूल केल्यासारखी मान हलवली. मला वाटलं, जिंकलो. तीस वर्षांनी का होईना.

मग ती देवळाकडं पाठ करून तलावाकडं बघत उभी राहिली आणि गाईडला म्हणाली, “हिअर पीपल? व्हेअर?”

तो गाईड नुबियन निघाला, तिशीतला पोरगा. आधी सरळ उत्तर दिलं: सुमारे पन्नास हजार माणसं, १९६३-६४ मध्ये, कोम ओम्बोच्या बाजूला नेली. सुदानच्या हद्दीतली आणखी वेगळी. बायको माझ्याकडं वळली. “कोम ओम्बो म्हणजे तो ऊस?” तोच. आपण बोटीतून उतरलो, विहीर बघितली, शाल घेतली, ते.

मग तो बोलत राहिला. नव्या वसाहतींना जुन्याच गावांची नावं आहेत म्हणाला. घरं एका रांगेत, सरकारी. पण नदी नाही, नदी लांब. त्याची आजी मरेपर्यंत नव्या घरात विचारायची, नदी कुठल्या बाजूला आहे, कारण जुन्या घराचं दार नदीकडं होतं. त्याचं इंग्रजी तोडकं, हिचं त्याहून तोडकं. मधे मी दुभाषा, आणि मला प्रत्येक वाक्य दोनदा ऐकावं लागत होतं, एकदा त्याचं आणि एकदा माझं.

बायको म्हणाली, “विचारा त्याला, पाणी उतरल्यावर गाव दिसतं का.”

विचारलं. तो म्हणाला, “नाही. इथलं पाणी तेवढं कधी उतरत नाही.”

ती म्हणाली, “आमचं दिसतं.” आणि पर्समधून फोन काढून त्याला फोटो दाखवला, मागच्या मे महिन्यातला. भेगाळलेला चिखल, चौथरा, त्यावर नारळाच्या करवंट्या. सासरे गेल्यापासून ती स्वतः जात होती तिथं. मला वाटायचं, माहेरी जाते. त्या पोरानं फोटो बोटांनी मोठा करून चौथरा बघितला. काय आहे ते विचारलं नाही. फोन परत देताना दोन्ही हातांनी दिला.

परतीच्या साडेतीन तासांत आम्ही काही बोललो नाही. ती झोपली होती, किंवा डोळे मिटून होती.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर: अबू सिंबेलला जा. पहाटे उठा, पैसे भरा. देऊळ डुप्लिकेट नाही, दगड तेच, सूर्य तोच, पडलेलं डोकंसुद्धा तेच. देऊळ हलवता येतं, यावर मी अजून ठाम आहे. पूर्वी माझं वाक्य याहून लांब असायचं, आता एवढ्यावरच थांबतो. धरण नको होतं असं मात्र मी म्हणणार नाही. धरणाआधी नाईलचा पूर यायचा तेव्हा यायचा आणि नाही आला की दुष्काळ. उजनी नसती तर सोलापूर जिल्ह्याचं काय झालं असतं ते मला माहीत आहे, आणि हे मी बायकोसमोरही बोलतो. ती उत्तर देत नाही, एवढाच फरक पडलाय.

बाकी किरकोळ. मी जानेवारीत गेलो होतो, उन्हाळ्यात काय होत असेल ते सोलापूरकरांनी ओळखावं. गुडघे कुरकुरत असतील तर राजांच्या दरीत तीन-तीन थडग्यांत उतरायचा हट्ट नको. बक्षीस हा शब्द तिथंही चालतो, ‘बक्षीश’ म्हणतात, सुटे ठेवा. बोटी एकीला एक लागून उभ्या करतात, खिडकीतून नाईलऐवजी शेजारच्या बोटीतले आजोबा दिसतील. एस्नाच्या लॉकपाशी, म्हणजे बोटी वर-खाली करायच्या गेटापाशी, फेरीवाले होड्यांतून वर डेकवर चादरी फेकतात आणि खालून भाव करतात. मजा आहे, पण एकदा पिशवी उघडली की घ्यावी लागते. आमच्याकडं दोन आहेत. अबू सिंबेलला आस्वानहून विमानही जातं, वेळ नसेल तर तो मार्ग आहे. आणि प्रत्येक गाईड काही आमच्यासारखा मिळेल असं नाही, आधीचे दोन तर बेकार होते.

कोम ओम्बोला बोटी बहुतेक संध्याकाळी लागतात, दिव्यांत देऊळ छान दिसतं म्हणून. त्याच्या आधी दुपारी झोपू नका, डेकवर बसा. ती नवी गावं दिसत नाहीत, नदीपासून फार आत आहेत. ऊस दिसतो.