रात्रीची लाइन, रील्स आणि तुरीच्या शेंगा

"ताई, फोन फोडून टाकू का वो त्यायचा?" यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून आमच्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या बाईचा हा पहिला प्रश्न. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) नवरा रात्री दीड-दोनपर्यंत रील्स पाहतो, सकाळी चिडचिड करतो, पोरांशी धड बोलत नाही.

हिवाळ्यात ही तक्रार हमखास येते. रब्बीच्या ओलिताला पंपाची लाइन, म्हणजे वीज, बरेचदा रात्रीची असते. हरभऱ्याला पाणी सोडायचं, वरून रानडुकरांसाठी जागल. धुऱ्यावर एकटा माणूस झोप उडवायला फोन उघडतो. पुढच्या पाळीत लाइन दिवसाची होते, सवय मात्र रात्रीचीच राहते.

म्हणून फोन फोडायचा नाही. त्यावरूनच मोटर सुरू होते, कापसाचा भाव कळतो. हिसकावला तर दोन दिवस भांडण, तिसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या ओट्यावर त्याच्या फोनवर तेच.

नवऱ्याशी वेगळं बोलणं झालं. आधी आठवडाभर काहीच बदलायचं नाही, फक्त सेटिंगमधल्या 'डिजिटल वेलबीइंग'मध्ये रोजचा आकडा पाहायचा. चार तासांच्या वर निघाला, तेव्हा बायकोवरचा राग निम्मा ओसरला. मग रील्सचं ॲप काढलं. खातं तसंच ठेवलं, कारण ते बंद करायचं म्हटलं की माणूस बिथरतो. यूट्यूब बहुतेक फोनमधून निघत नाही, ते 'डिसेबल' केलं. चार्जर खाटेजवळून स्वयंपाकघरात नेला आणि गजराचं साधं घड्याळ घेतलं. हे घड्याळ लोक टाळतात, आणि मग "गजरासाठी" म्हणून फोन परत उशाशी येतो. रात्रीच्या लाइनला फोन शेतात न्यायचाच, पण विजेरी वेगळी आणि करमणुकीला रेडिओ.

पहिले चार-पाच दिवस हात खिशाकडे जातो, जीव कासावीस होतो. संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ हा वेळ रिकामा राहिला तर सगळं फसतं. इथे हिवाळा कामी येतो. डिसेंबर-जानेवारीत ओली तूर घरात असते. पाव किलो सोले, म्हणजे तुरीचे ओले दाणे, हवे तर अर्धा-पाऊण किलो शेंगा सोलाव्या लागतात. चौघं शेकोटीभोवती बसले की अर्धा तास सहज जातो. शेंगा चिकट असतात, त्या बोटांनी स्क्रीन धड सरकत नाही. मधेच एखाद्या शेंगेतून अळी निघते, पोरं ओरडतात आणि बोलणं आपोआप सुरू होतं. दोन वाट्या तांदळाला एक वाटी सोले घातले की सोलेभात तयार. संक्रांतीच्या आधी तीळ निवडणं, भाजणं हेही याच वेळात बसतं.

या घरात एकदा घसरलंच. शेतात पाहुण्यांसाठी हुरडा ठेवला, कणसं आरात घातली आणि नवऱ्याने फोटो स्टेटसला टाकला. कोणी पाहिलं हे बघण्यात रात्र गेली, कणसं करपली ती वेगळीच. तेव्हापासून नियम एकच: फोटो काढायचा असेल तर काढा, टाकायचा दुसऱ्या दिवशी दुपारी.

प्रत्येक वेळी दोष फोनचाच असतो असं नाही. फोन बाजूला ठेवूनही दोन आठवडे झोप नाही, कशातच मन लागत नाही, दारू वाढली, तर त्याला सवय म्हणून सोडू नका, डॉक्टरांना दाखवा. कर्जाच्या विचाराने "जगून काय करू" असं बोलणं येत असेल, तर माणसाला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मदत घ्या. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

या घरात महिन्याभराने आकडा दीड तासावर आला. शून्य करायचा आग्रह आम्ही धरत नाही. संक्रांतीनंतर शेंगा संपतात, थंडी उतरते आणि तोच वेळ पुन्हा रिकामा होतो. म्हणून फेब्रुवारीच्या भेटीत त्या दोन तासांत आता काय करायचं, एवढंच ठरवलं: बैलांचा चारा-पाणी आटोपून बापाने पोरांचा अभ्यास घ्यायचा, फोन स्वयंपाकघरातच.