छतातले बंद पॉइंट बुजवावेत का?

प्रश्न : जुन्या घरात छताला दिव्यांचे तीन पॉइंट वापरात नाहीत. वायरींवर रबर आणि कापडाचं आवरण आहे. त्यांवर प्लास्टर मारलं तर चालेल?

उत्तर : कृपया तसं करू नका. दिव्याच्या उष्णतेने जुनं रबर कडक होतं. वायर जरा वाकवली की त्याचे कपचे पडतात आणि आतलं तांबं उघडं पडतं. टेप गुंडाळून हे सुधारत नाही, वायरच बदलावी लागते. काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

आधी मेन बंद करून टेस्टरने खात्री करा. नुसतं दिव्याचं बटण बंद करणं पुरेसं नाही. जुन्या वायरिंगमध्ये बटण कधीकधी न्यूट्रलवर (वीज परत नेणाऱ्या तारेवर) असतं, मग होल्डरमध्ये फेज (वीज आणणारी तार) तसाच जिवंत राहतो. नवी वायर 1.5 चौरस मिमी तांब्याची, अर्थिंगसह. जुनीला बांधून नवी ओढता येते, पण अडली तर हिसका देऊ नका, आवरण सोलवटतं.

नको असलेली वायर बोर्डाकडूनच सोडवा. बंद पॉइंटवरून पुढच्या दिव्याला लूप (जोडवायर) गेला असेल तर जोड कनेक्टरने जंक्शन बॉक्समध्येच करा आणि वर स्क्रूची कोरी प्लेट लावा. ती पुन्हा उघडता आली पाहिजे. शेवटी, दिवे सोडवून, 500 व्होल्टच्या मेगरने (वायरच्या आवरणाचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) तपासा : 1 मेगाओहमच्या खाली रीडिंग नको.