मधुमेह असलेल्या आजीला जुलाब झालेत. ओआरएसमधली साखर चवीपुरतीच असते ना, मग नुसतं मीठ-पाणी चालेल का?

नाही. ‘चवीपुरती’ हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. नुसतं मीठ-पाणी पाजलंत तर त्यातलं बरंचसं आलं तसं खाली जाईल.

आतड्याच्या पेशीचं प्रद्रव्यपटल, म्हणजे तिचं बाहेरचं पातळ आवरण, सोडियमला सहजासहजी आत घेत नाही, ग्लुकोजलाही नाही. तिथे एसजीएलटी-१ नावाचं प्रथिन दारावर बसलेलं असतं. दोन सोडियम आणि एक ग्लुकोज असे जोडीने आले की ते दोघांना आत सोडतं आणि मागोमाग पाणी जातं. याला लागणारी ओढ तयार करतो रक्ताच्या बाजूचा पंप: तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, दर खेपेला एक एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्च. कॉलऱ्याचं विष क्लोराइडची वाट उघडी टाकतं, म्हणून पाणी वाहतं. पण ही जोडवाट शाबूत राहते. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच जोडवाटेवर हजारो माणसं वाचवली.

आता दुसरी बाजू, ‘साखर जास्त तेवढी ताकद जास्त’वाल्यांची. ओआरएसच्या एक लिटरच्या पुडीत ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, द्रावणाची परासरणता (विरघळलेल्या कणांची दाटी) २४५, रक्ताची साधारण २९०. तीच पुडी पेलाभर पाण्यात कालवली की आकडा १२०० च्या वर. मग आतडं पाणी घ्यायचं सोडून उलट अंगातलंच पाणी ओतायला लागतं आणि जुलाब वाढतात. कोल्ड्रिंकचंही तेच, शिवाय त्यात सोडियम नावालाच. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा बोटाने सपाट करून. शीग लावून नव्हे. यात पोटॅशियम नसतं, म्हणून पुडी मिळाली की पुडीच. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा घोट घोट. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्या. आणि हो, ओआरएसने जुलाब थांबत नाहीत, पाणी भरून निघतं. ‘गुण नाही’ म्हणून मध्येच सोडू नका.

आजींचं म्हणाल तर लिटरभरात तीन चमच्यांइतकंच ग्लुकोज आहे. द्या, साखर तपासत राहा. फक्त त्यांच्या गोळीतल्या औषधाच्या नावात शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असेल तर आजच डॉक्टरांना फोन करा. ती मूत्रपिंडातल्या एसजीएलटी-२ ला अडवते, लघवीवाटे साखर आणि पाणी दोन्ही घालवते. जुलाबात ती बहुधा काही दिवस बंद ठेवायला सांगतात. लघवी कमी झाली किंवा आजी गुंगीत वाटल्या तर घरी पाजत बसू नका, सलाईन लागेल.