आवर्ती फलन आणि साइन फलन यांत फरक काय? आणि साइन २क्ष चा आवर्तकाल दुप्पट न होता निम्मा का होतो?

लातूर जिल्ह्यात अकरावी-बारावीला गणित शिकवतो. हा प्रश्न वर्गातली निम्मी पोरं विचारतात. उरलेल्यांनाही तो पडलेला असतोच, पण ती विचारत नाहीत.

आवर्ती म्हणजे ठरावीक अंतरानं जसंच्या तसं परत येणारं. फ(क्ष + ट) = फ(क्ष), यातला ट म्हणजे ते ठरावीक अंतर, आवर्तकाल; आणि हे प्रत्येक क्ष ला लागू पाहिजे. पोरं नेमका 'प्रत्येक' हा शब्द गिळतात. आमच्याकडं पावसाळा दरवर्षी येतो, म्हणून पाऊस आवर्ती झाला का? तसं असतं तर २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते दरवर्षीच आणावं लागलं असतं.

उलट शेतीच्या पंपाची लाईन बघा. आमच्या भागात थ्री फेज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री असायची. वेळापत्रक पाळलं गेलं (इथंच सगळं अडतं) तर ते आवर्ती आहे, आवर्तकाल १४ दिवस. पण आलेख काढला तर लाईन असताना १, नसताना ०, मध्ये सरळ उडी. म्हणजे हे आवर्ती खरं, पण साइन नाही.

मग साइन कुठं दिसतो? मला तो खळ्यावर दिसला, अर्थात तेव्हा नाव माहीत नव्हतं. लहानपणी ज्वारीची मळणी बैलांनीच व्हायची. मधोमध तिवडा म्हणजे रोवलेला खांब, त्याला एका दावणीनं बांधलेली चार बैलांची पात, आणि मागं हातात शिपटी घेऊन मी. दिवस मावळतीला आला की बैलांच्या सावल्या शेतातल्या आखाड्याच्या भिंतीवर पडायच्या. बैल गोल फिरायचे, पण सावली भिंतीवर नुसती डावीकडून उजवीकडं आणि परत. बैलाची चाल एकसारखी असूनही सावली मधून झरकन जायची आणि टोकाला जाऊन रेंगाळायची. मला वाटायचं, टोकाला बैल दमतोय.

समजा एक फेरी २४ सेकंदांची आहे. मधून टोकापर्यंत जायला सावलीला ६ सेकंद मिळतात. त्यातलं पहिलं निम्मं अंतर ती २ सेकंदांत कापते आणि उरलेल्या निम्म्याला ४ घेते, कारण साइन ३० अंश म्हणजे अर्धा. एकसारख्या वेगानं गोल फिरणाऱ्या वस्तूची अशी बाजूनं पडलेली सावली वेळेसमोर मांडली की जो आलेख येतो, तो साइनचा. साइन आवर्ती असतोच, कारण बैल फिरून तिथंच येतो. पण प्रत्येक आवर्ती गोष्टीमागं असा फिरणारा बैल नसतो.

आता आयाम, म्हणजे सावली मधून टोकापर्यंत किती लांब जाते ते. तिवड्याजवळच्या बैलाची सावली हातभर हलायची, कडेच्याची पार भिंतभर. पण दावण एकच, त्यामुळं फेरीला वेळ दोघांनाही तेवढाच. ३ साइन क्ष मधला ३ म्हणजे बैल तिवड्यापासून किती लांब बांधलाय ते. आवर्तकालाशी त्याचा काही संबंध नाही.

आणि साइन २क्ष? आतला २ म्हणजे बैल दुप्पट वेगानं हाणले. २४ सेकंदांची फेरी १२ त संपणार. गुणक वेगाला लागतो, वेळेला नाही, म्हणून साध्या साइन क्ष चा आवर्तकाल जो २π (पाय), त्याला त्यानं भागायचं. पोरांना २ दिसला की ती आलेख ताणतात आणि तिथंच गुण जातात. साइन(क्ष + काहीतरी) असेल, तर मोजायला सुरुवात केली तेव्हा बैल कुठं होता एवढंच ते सांगतं.

जाता जाता, 'साइन' हे नाव मूळचं आपल्याकडचंच. आर्यभटाच्या कोष्टकात ती 'ज्या', म्हणजे धनुष्याची दोरी. अरबीत 'जीबा' झालं, ते 'जैब' असं वाचलं गेलं, आणि लॅटिनमध्ये त्या जैबचा शब्दशः अर्थ लावून 'सायनस' केलं. दखनी बोलणारा खिशाला 'जेब' म्हणतो, तोच हा शब्द.

पंपाच्या लाईनीची ती चौकोनी उडीसुद्धा वेगवेगळ्या आवर्तकालांचे साइन-कोसाइन एकमेकांत मिळवून हवी तितकी जवळ आणता येते. ही फ्रेंच गणिती फूरिएची कल्पना, त्याचं पुस्तक १८२२ चं. उडीच्या कडेला थोडी वळवळ मात्र राहतेच. पण हे नंतर बघा, आधी एक साइन पक्का करा.

त्यासाठी घरातलं कॅलेंडर घ्या. लातूरला सर्वांत मोठा दिवस साधारण सव्वातेरा तासांचा, लहान अकरा तासांचा. म्हणजे मध्य १२ तास ७ मिनिटांच्या आसपास, आयाम १ तास ६ मिनिटं. मार्चअखेरीस दिवस रोज मिनिटभरापेक्षा जास्त वाढतो. २१ जूननंतर मात्र दहा दिवसांत मिळून जेमतेम एक मिनिट घटतो. टोकाला रेंगाळणारी सावली ती हीच. प्रत्येक महिन्याच्या २१ तारखेच्या सूर्यास्तातून सूर्योदय वजा करा आणि आलेखाच्या कागदावर ठिपके मांडा. बारा ठिपके पुरतात.