जुन्या उपकरणांवरचा चिकट झालेला रबरी थर कसा काढावा आणि तो पुन्हा चिकट होऊ नये म्हणून काय करावे?

तुमच्या हेअर ड्रायरची मूठ चिकट झाली आणि घरचे तुमच्या तेलकट हातांना दोष देतात, हे प्रश्नाच्या तपशिलात वाचले, म्हणून उत्तर लिहीत आहे. दोष हातांचा नाही. तो थर बहुधा रबराचा नसतोच. प्लॅस्टिकवर फवारलेला तो पॉलियुरेथेनचा मऊ रंग असतो. हवेतील बाष्प त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या तोडत जाते आणि शेवटी तो बोटाला गुळाच्या पाकासारखी तार धरू लागतो. वर्षानुवर्षे खोक्यात ठेवलेल्या बुटांचे तळ भुगा होऊन गळतात, त्यामागेही पुष्कळदा हेच कारण असते. तेलाघामाने या क्रियेला हातभार लागतो, पण मुंबईच्या दमट हवेत वस्तू न वापरताही हे घडते.

माहीमला आमचे घर समुद्रापासून जवळ आहे. पावसाळ्यात कपाटातल्या चामडी पट्ट्यालाही बुरशी येते. अशा घरात आईच्या हँड ब्लेंडरची मूठ चिकट झाली, तेव्हा दादाने ‘तुझे तेलाचे हात लागून त्याची ही दशा झाली’ असे तिला पाहुण्यांसमोर सुनावले. ते यंत्र प्रत्येक वेळी पुसून ठेवणारी आई काहीच बोलली नाही आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा रवीने ताक घुसळू लागली. पुढे दादाचीच दुर्बीण कपाटातून निघाली. सहलीसाठी हौसेने घेतलेली ती दुर्बीण त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवली होती आणि तिला कोणी हात लावलेला नव्हता. पिशवी तिच्या अंगाला अशी चिकटली होती की ओढून काढल्यावर पिशवीवरची छापील अक्षरे दुर्बिणीवर उलटी उमटलेली दिसली. तिला कोणाचे तेलाचे हात लागले होते? दादाने आजही ते मान्य केलेले नाही. वस्तू बिघडली की आधी स्वयंपाकघरात राबणाऱ्या बाईकडे बोट दाखवायचे, ही आपल्या घरांतली रीत मला अन्यायाची वाटते.

ब्लेंडरची मूठ मी आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ केली. लॅमिंग्टन रोडवर मोबाइल दुरुस्तीचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत ते मिळते. ९९ टक्क्यांचे घ्यावे. सॅनिटायझरच्या जेलमध्ये पाणी आणि ग्लिसरीन असल्याने त्याने काम नीट होत नाही. जुने सुती कापड भिजवून मूठ घासली की आधी काळा राडा पसरतो आणि काम बिघडल्यासारखे वाटते, पण कापड बदलत राहिल्यास खालचे कोरडे, टणक प्लॅस्टिक उघडे पडते. बटणाभोवतीच्या खाचेत साचलेला काळा गोळा टूथपिकने काढावा लागतो. खाण्याचा सोडा पाण्यात कालवूनही हे जमते, फक्त वेळ अधिक लागतो. टाल्कम पावडर चार दिवसांपुरती मलमपट्टी आहे. नेलपॉलिश रिमूव्हर किंवा थिनर मुळीच वापरू नका. त्यातील द्रव्ये खालचे प्लॅस्टिकच विरघळवू शकतात.

पुन्हा चिकट होण्याचे म्हणाल, तर थर पूर्ण निघाल्यावर चिकट व्हायला काही उरतच नाही. नवे उपकरण घेताना विक्रेता मऊ मुठीचे कितीही कौतुक करो, साध्या टणक प्लॅस्टिकचेच घ्या आणि ते पिशवीत कोंडून ठेवू नका.

काम सुरू करण्यापूर्वी प्लग किंवा सेल काढा, खिडकी उघडा आणि गॅसपासून दूर बसा, कारण अल्कोहोल चटकन पेट घेते. ते यंत्रावर ओतू नका, कापडावरच घ्या. बटणांवरची छापील अक्षरेही थरासोबत जातात, तेव्हा आधी फोटो काढून ठेवा. मूठ जाड, साच्यात ओतलेल्या खऱ्या रबराची असेल, तर हा उपाय तिला लागू पडत नाही.