भाकरी का सुटली?

यवतमाळ जिल्ह्यातून एका भगिनीचे तीन पानी पत्र आले आहे. त्यांचे वय ३८, पतींचे ४३. गेले सात महिने पती घरात असून नसल्यासारखे वागतात, मुलांच्या पंगतीला बसत नाहीत, उशिरा येऊन एकटेच जेवतात, हसणे-बोलणे जवळजवळ बंद आहे. त्यामुळे त्यांच्या आयुष्यात दुसरे कोणी आले असावे, असा या भगिनींना संशय आहे. त्यांचा फोन तपासावा की थोरल्या दिरांना मध्ये घालावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई,

दुसऱ्या पानाच्या तळाशी, सासूबाई स्वयंपाकाला नावे ठेवतात ही तक्रार करता करता, तुम्ही सहज लिहून गेला आहात: ‘आता ह्यांना माझ्या हातची भाकरीही नको झाली, वरणभात कालवून खातात आणि ठेचा ताटाबाहेर सारतात.’ पत्रातले हे वाक्य मी चार वेळा वाचले. भाकरी-ठेच्यावर वाढलेला माणूस बायकोवर रुसून ठेचा सोडत नाही, आणि दुसऱ्या बाईपायी तर मुळीच सोडत नाही. तिखट लागताच तोंडाची आग होऊ लागली आणि भाकरीचा घास घेण्याइतका जबडा उघडेनासा झाला, की मात्र तो निमूटपणे वरणभाताकडे वळतो आणि चारचौघांत जेवायचे टाळतो. पतींची बाजू घेताना तुम्हीच लिहिले आहे, ‘व्यसन म्हणाल तर काही नाही, फक्त खर्रा.’

त्या ‘फक्त’चा मला राग आला, हे लपवत नाही. पन्नीवर घोटलेल्या त्या खर्ऱ्यात तंबाखू, चुना आणि सुपारी असते, आणि यातली सुपारी आपण उगाच सोवळ्यात ठेवली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा कर्करोगकारक ठरवलेली आहे. तिच्यामुळे गालाच्या आतले मऊ अस्तर वर्षानुवर्षे ताठत जाते, पांढुरके पडते, त्यात दोरीसारखे पट्टे लागतात आणि तोंड आक्रसते. डॉक्टर याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. तो कर्करोग नव्हे, परंतु काहींच्या बाबतीत त्याचा पुढे कर्करोग होतो, आणि भारतातील पुरुषांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग तोंडाचाच आहे. ‘पूर्वी गाडीवरून शिट्टी वाजवत यायचे, आता मुकाट्याने येतात,’ असे तुम्ही प्रेम आटल्याचा पुरावा म्हणून लिहिले आहे. ताई, गाल ताठले की शिट्टी वाजवणेही कठीण होते.

मी डॉक्टर नाही आणि पत्रावरून निदान करणार नाही; अक्कलदाढेच्या सुजेनेही जबडा अडतो. म्हणून आज रात्री त्यांचा फोन हातात घ्याच, पण त्याचा टॉर्च लावण्यासाठी. त्यांना स्वतःचीच तर्जनी, मधले बोट आणि अनामिका एकमेकींना चिकटवून पुढच्या वरच्या-खालच्या दातांमध्ये उभी घालायला सांगा. तीन बोटे जात नसतील, तर तोंड पुरेसे उघडत नाही असे समजा. मग गाल, जिभेच्या कडा आणि जिभेखालची जागा उजेडात पाहा: पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, दोन-तीन आठवड्यांत न भरलेला व्रण. हे पाहणे साधे वाटते, परंतु केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी अशाच उजेडात लोकांची तोंडे तपासली, तेव्हा तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमधले तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले.

तुम्हाला काही दिसो वा न दिसो, येत्या सोमवारी त्यांना दाखवायला न्यायचे आहे. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात जा, किंवा नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात. डॉक्टरांनी तुकडा तपासायला सांगितले तर ‘हत्यार लागले की कॅन्सर पसरतो’ असे सांगणारे घरात कोणीतरी निघेलच, बहुधा सासूबाई. त्या दिवशी त्यांचे ऐकू नका. सुरुवातीला सापडलेला तोंडाचा कर्करोग बहुतेकदा शस्त्रक्रियेने बरा होतो, उशिरा सापडला तर जबड्याचे हाडही काढावे लागू शकते. आणि तुकडा कसाही निघाला, तरी खर्रा त्याच दिवशी बंद.

दिरांना मध्ये घाला, अवश्य घाला. त्यांचे काम एवढेच की सोमवारी सकाळी धाकट्या भावाला गाडीत बसवायचे आणि नंबर लागेपर्यंत तिथून हलू द्यायचे नाही, कारण ‘जरा बाहेर जाऊन येतो’ म्हणून गेलेली पुरुषमंडळी ओपीडीत परतत नाहीत. तुम्हीही आत जा. दिवसाला किती खर्रे आणि किती वर्षांपासून, हे डॉक्टरांना तुम्ही सांगा. ते निम्मेच सांगतील.