आधी खुलासा, मग शिक्षा: कारागृहातील शिस्तभंगाबद्दल वाचकांचे प्रश्न

तुरुंग खात्यातून निवृत्त झालो तरी पत्रे थांबत नाहीत, आणि बहुतेकांत एकच गोंधळ असतो: ‘कोर्टाने शिक्षा दिली ती भोगतोच आहे, आता जेलनेही वर शिक्षा दिली. कुठला न्यायाधीश बसला होता तिथे?’ म्हणून यावेळी सगळी उत्तरे एकत्र देतो.

बराकीवरचा जेलर म्हणाला, ‘तुझी मुलाखत (घरच्यांची भेट) बंद.’ त्याला हा अधिकार आहे का?

नाही. १८९४ च्या तुरुंग कायद्याच्या कलम ४८ नुसार शिक्षा फक्त अधीक्षक देऊ शकतात. जेलरने अहवाल द्यावा, तेवढेच.

माझा भाऊ न्यायाधीन बंदी आहे, म्हणजे खटला अजून चालू आहे. त्याची माफी कापतील का?

माफीचे दिवस, म्हणजे शिक्षेतून कमी होणारे दिवस, शिक्षा भोगणाऱ्याला मिळतात. त्याला ती अजून लागूच नाही, कापणार काय? बाकीच्यांपैकी काही शिक्षा मात्र त्यालाही होऊ शकतात.

मिस्टर अभिवचन रजेवर (पॅरोलवर) आले होते. सासूबाई आयसीयूत होत्या म्हणून हजर व्हायला उशीर झाला. आता माफीचे बरेच दिवस कापलेत. ‘खुलासा’ म्हणून एका लिहून ठेवलेल्या कागदावर सही घेतली, वाचूही दिला नाही. आता काय करायचे?

ताई, तुमचा प्रश्न मी मुद्दाम सविस्तर घेतो, कारण माझा सगळ्यात मोठा राग इथेच आहे.

रजेच्या अटी मोडल्या तर काय करायचे, हे महाराष्ट्रात याच तुरुंग कायद्याचे कलम ४८-अ सांगते. त्यात दोन गोष्टी आहेत. अट ‘पुरेशा कारणाशिवाय’ मोडलेली असली पाहिजे, आणि शिक्षेआधी बंद्याचा खुलासा घेतला पाहिजे. आयसीयूतली सासू हे पुरेसे कारण आहे की नाही, हे ठरवायला कोणीतरी ते कारण वाचले तर पाहिजे! प्रत्यक्षात काय होते? कार्यालयात लिहिण्याचे काम करणारा एखादा शिकलेला बंदी सगळ्यांचे खुलासे लिहितो. अक्षर एक, मजकूर एक: ‘माझ्याकडून चूक झाली, पुन्हा होणार नाही, माफ करावे.’ हा खुलासा नाही, कबुलीजबाब आहे. खाली अंगठा किंवा सही. दवाखान्याचा कागद सोबत नाही, रजा वाढवून मागितली होती का याची नोंद नाही. मग त्यावर शिक्षेचा शेरा.

पुढची पायरी सत्र न्यायाधीशांची. तिहारमधल्या एका बंद्याने दुसऱ्याला झालेल्या मारहाणीबद्दल पत्र लिहिले. सर्वोच्च न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले आणि डिसेंबर १९७९ मध्ये सुनील बत्रा प्रकरणात निकाल दिला. त्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्पष्ट सांगितले की एकांतकोठडी, सवलती काढून घेणे, शिक्षा म्हणून दुसऱ्या तुरुंगात बदली, असे काहीही सत्र न्यायाधीशांनी तपासल्याशिवाय करायचे नाही. तातडी असेल तर निदान दोन दिवसांत कळवायचे. दोन दिवस! आणि तपासणे म्हणजे ‘सादर’ म्हणून गठ्ठा पाठवायचा आणि शिक्का मारून परत घ्यायचा, असे नव्हे. खुलासा, पुरावा आणि अधीक्षकांची कारणे न्यायाधीशांसमोर असली पाहिजेत. ‘बराकी तुडुंब आहेत, माणसे कमी आहेत’ हे अधिकाऱ्यांचे म्हणणे खरे आहे, मीही म्हणत असे. पण माफीचा एकेक दिवस म्हणजे तुमच्या मिस्टरांच्या सुटकेचा एकेक दिवस आहे. तो कापायला एक धड पान लिहिणे जड जाऊ नये.

तुम्ही करायचे ते हे. दवाखान्यात दाखल केल्याचा आणि सोडल्याचा कागद, तारखांसह, अर्जाला जोडून अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. शिक्षेची नोंद, खुलासा आणि सत्र न्यायाधीशांकडे गेलेले पत्र, तिन्हींच्या प्रती मागा. मिळोत न मिळोत, मागितल्याचा पुरावा हाती राहील. हे सगळे घेऊन वकिलाकडे जा. उच्च न्यायालयात जायचे की नाही, ते कागद पाहूनच ठरते.

एक ओळखीचे गृहस्थ म्हणतात, ‘वर पैसे पोचवतो, शिक्षेची नोंदच निघून जाईल.’

निघत नाही. शिक्षा पुस्तकातल्या, म्हणजे तुरुंगातल्या शिक्षांच्या नोंदवहीतल्या, प्रत्येक नोंदीपुढे जेलर आणि अधीक्षक दोघांच्या आद्याक्षऱ्या लागतात. ती कोणी खोडली तर नवा गुन्हा होईल आणि त्यात तुमचेही नाव येईल. कोठडीत असलेल्या प्रत्येकाला, घरची कमाई कितीही असो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने फुकट वकील मिळतो. १५१०० वर फोन करा. त्या गृहस्थांचा नंबर ब्लॉक करा.

बराकीत मोबाइल सापडला. जेलने शिक्षा दिली आणि पोलिसांत गुन्हाही नोंदवला. एकाच गोष्टीसाठी दोनदा?

तुरुंग कायद्याच्या कलम ५२ मध्ये एकाच गुन्ह्यासाठी दोनदा शिक्षा नको असे म्हटले आहे. ते तुमच्या प्रकरणाला लागू पडते का, हे कोणत्या कृत्यासाठी कोणती शिक्षा दिली त्यावर आहे. फौजदारी वकिलाला दोन्ही कागद दाखवा. ‘आमच्या गल्लीतल्या एकाचे असेच सुटले होते’ यावर विसंबू नका.

मुलाला वेगळ्या सेलमध्ये ठेवले आहे. किती दिवस ठेवू शकतात?

१८९४ च्या कायद्यात दोन प्रकार आहेत. इतरांशी बोलणेच बंद अशी कोठडी चौदा दिवसांपेक्षा जास्त नाही. वेगळे ठेवायचे, पण रोज किमान तासभर व्यायाम आणि जेवण दुसऱ्या बंद्यांसोबत, असे जास्तीत जास्त तीन महिने. त्यातही महिन्यावर जायचे तर कारागृह महानिरीक्षकांची पूर्वमंजुरी लागते. शिवाय सत्र न्यायाधीशांची तपासणी आहेच. (याच कायद्यात शिक्षा म्हणून गोणपाटाचे कपडेही आहेत, यावरून त्याचे वय ओळखा.)

पण आधी एक विचारा: ही शिक्षा आहे का? ‘त्याच्याच सुरक्षेसाठी’ म्हणून वेगळे ठेवले की शिक्षा पुस्तकात नोंद होत नाही आणि न्यायाधीशांकडे कागदही जात नाही. लेखी आदेश मागा. मुलाची तब्येत किंवा मन ढासळत असेल तर वाट पाहू नका, वैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि विधी सेवा प्राधिकरणाला आजच लेखी कळवा.

शिक्षा होऊन वर्ष उलटले. आता काही होईल का?

वर्षभर कशाची वाट पाहिलीत? दाद मागता येते, पण उशिराचे कारण द्यावे लागेल, साक्षीदार बंदी सुटून गेले असतील. त्यात डिसेंबर २०२४ मध्ये विधिमंडळाने कारागृहांसाठी नवे विधेयक मंजूर केले आहे. तुमच्या शिक्षेच्या तारखेला कोणता कायदा आणि कोणते नियम लागू होते, हे वकिलाकडून तपासून घ्या. या आठवड्यात जा.